मुलांच्या हाती कोणता पर्यायकोश द्यावा?

सहावीच्या वर्गात निबंधाचा विषय 'माझी आजी' असा असतो. मुलगी प्रथम लिहिते, "माझी आजी पहाटे उठते आणि विहिरीचे पाणी आणते." वाढदिवसाला भेट मिळालेला जाडजूड पर्यायकोश जवळच पडलेला असतो. निबंधात भारदस्त शब्द असले म्हणजे गुण अधिक मिळतात, अशी तिची आणि बहुधा घरातील वडील मंडळींचीही समजूत असते. तासाभराने तेच वाक्य असे होते : "माझी पितामही उषःकाली उठते आणि कूपाचे उदक आणते." निबंध घरी वाचून दाखविला जातो. आजी शांतपणे ऐकून घेते आणि विचारते, "ही कोण गं बाई?"

असे प्रसंग अनेक घरी घडतात. मुलीचा त्यात दोष नाही. कोशाने जे शब्द एका ओळीत मांडून दिले, ते एकाच किमतीचे आहेत असे तिला वाटले. आणि तसे न वाटावे यासाठी कोशाने काहीच केले नव्हते. पाचवी ते आठवीच्या मुलासाठी पर्यायकोश निवडताना खरा प्रश्न येथेच उद्भवतो. शब्द किती दिले आहेत, यापेक्षा शब्दाशब्दांतील अंतर किती दाखविले आहे हे पाहावयास पाहिजे.

'पाणी' हाच शब्द घ्यावा. साधा पर्यायकोश त्यापुढे जल, नीर, उदक, तोय, सलिल अशी माळ लावून मोकळा होतो. वास्तविक या शब्दांची राहण्याची ठिकाणे वेगवेगळी आहेत. 'जल' बहुधा जोडीने राहतो : जलाशय, जलमार्ग, जलप्रवास. 'उदक' देवापुढच्या विधीत शोभते. माठातून कोणी उदक पीत नाही. 'नीर' आणि 'सलिल' यांचे घर काव्यात. 'पाणी' मात्र सर्वत्र वावरते, आणि जेथे ते रुळले आहे तेथून त्याला हलविता येत नाही. चिंच पाहून तोंडाला पाणी सुटते, जल सुटत नाही. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजतात, नीर पाजीत नाहीत. हक्कावर तेवढे पाणीही सोडता येते आणि उदकही! ही गंमत ज्या कोशात सापडेल तो कोश मूल आपण होऊन उघडील.

शब्दांचा असा संग्रह करण्याची हौस या देशात फार जुनी आहे. अमरसिंहाचा 'अमरकोश' पाठशाळांतील मुले पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ करीत आली. त्याची रचना वर्णानुक्रमाने नसून विषयवार वर्गांनी केलेली आहे, आणि तो पद्यात आहे तो पाठ व्हावा म्हणूनच. अग्नीची तिसांहून अधिक नावे त्यात एकत्र मिळतात : वह्नि, पावक, अनल, दहन इत्यादी. श्लोक रचणाऱ्यास हा मोठाच आधार होता. वृत्तात चार मात्रांची जागा उरली तर चार मात्रांचे नाव हाताशी हवे. परंतु सातवीतला मुलगा श्लोक रचीत नसतो. तो शिमग्याच्या रात्रीचे वर्णन लिहीत असतो, आणि त्याला हवे असलेले शब्द निराळ्याच जातीचे आहेत.

मराठीत चुलीत विस्तव असतो, घराला आग लागते, होमात अग्नी प्रज्वलित होतो, रानात वणवा पेटतो, थंडीत अंगणात शेकोटी होते. काटक्यांचा जाळ होतो, लाकडे जळून निखारे उरतात, निखाऱ्यांवर राख धरते. ही एकाच वस्तूची नावे नव्हेत. या निरनिराळ्या वस्तूच आहेत. 'चुलीत आग होती' याऐवजी 'चुलीत नुसते निखारे उरले होते' असे मुलाने लिहिले, तर स्वयंपाक आटोपून बराच वेळ झाला हे न सांगताच वाचणाऱ्यास कळते. उलट 'चुलीत पावक होता' असे लिहिल्याने काहीच अधिक कळत नाही. फक्त चूल परकी होते. ज्या पर्यायकोशात 'आग' या शब्दाखाली पावक आणि अनल आहेत पण विस्तव आणि निखारा नाहीत, तो कितीही मोठा असला तरी या वयाच्या मुलाच्या कामाचा नाही.

दुसरी कसोटी लिंगाची. तिच्याकडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही, आणि मुलांच्या वह्यांत सर्वांत अधिक घोटाळा होतो तो येथेच. माझा देह, माझी काया, माझे शरीर : अर्थ जवळपास एक, लिंगे तीन. 'आमच्या गावची मोठी बाग' यातील बाग काढून मुलाने उद्यान बसविले की 'मोठी'चे 'मोठे' आणि 'गावची'चे 'गावचे' करावे लागते. त्या वाक्यात क्रियापद असल्यास तेही फिरते. अमरकोशाचे मूळ नाव 'नामलिंगानुशासन' असे आहे. म्हणजे शब्दांबरोबर त्यांची लिंगे सांगणे हा त्याचा घोषित हेतू होता. आजच्या मुलांसाठी केलेल्या कोशांनी हा धडा विसरावा, ही आश्चर्याचीच गोष्ट म्हणावयाची. प्रत्येक नामापुढे पुल्लिंग, स्त्रीलिंग वा नपुंसकलिंग यांचे चिन्ह नसेल तर ते पुस्तक खुशाल परत ठेवावे.

तिसरी गोष्ट प्रसंगाची. आजोबा वारले, म्हैस दगावली, पुढाऱ्याचे निधन झाले. हे शब्द अदलाबदल करून पाहिले म्हणजे म्हशीचे निधन होते आणि आजोबा दगावतात! शब्दामागे आदर किती, तो बोलण्यातला की ग्रंथातला, माणसास लावावयाचा की जनावरास, हे कोशाने दोन शब्दांत तरी सांगितले पाहिजे. आणि त्याहून बरे म्हणजे एक लहानसे वाक्य दिले पाहिजे. मोठ्या माणसाला उदाहरणाची गरज कमी, कारण शब्द त्याने शंभर वेळा ऐकलेला असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला तो शब्द कोशातच प्रथम भेटतो.

रचनेचा प्रश्नही थोडा पाहावयास हवा. पीटर मार्क रॉजे हा इंग्रज वैद्य. त्याने 1805 साली स्वतःच्या उपयोगासाठी शब्दांची टाचणे केली आणि 1852 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला त्याने 'थिसॉरस' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खजिना. संस्कृत 'कोश' शब्दाचाही एक अर्थ तोच. रॉजेने शब्द कल्पनांच्या वर्गांत बसविले. हिंदीत अरविंद कुमार आणि कुसुम कुमार यांचा 'समांतर कोश' 1996 मध्ये निघाला, तोही याच पद्धतीचा. विचारावरून शब्द शोधणाऱ्या प्रौढ लेखकास ही पद्धत फार सोयीची. मुलाला मात्र एक शब्द ठाऊक असतो आणि त्यावरून त्याला दुसरा हवा असतो. त्याला वर्णानुक्रमच बरा. विषयवार कोश घ्यावयाचाच असेल तर मागे भरपूर शब्दसूची आहे की नाही, हे आधी पाहावे.

हिंदीची गोष्ट निघाली म्हणून एक इशारा. लिपी एक असल्याने हिंदी पर्यायकोश मराठी घरांत सहज येतो, आणि मोबाइलवर शोधले तर पुष्कळदा तोच पुढे उभा राहतो. हिंदीतील 'शिक्षा' शाळेत मिळते, मराठीतील शिक्षा शाळेत भोगावी लागते. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हे वय हा भेद ओळखण्याचे नव्हे.

मराठीचे मोठे कोश भारी आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, सुधारून वाढविलेली आवृत्ती 1857 ची; दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग 1932 ते 1938 या काळातले. हे शाळेच्या कपाटात असावेत, आणि मुलाला अडले तर शिक्षकाने ते उघडावेत. मुलाच्या दप्तरात त्यांचे काम नाही. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये सिद्ध झालेला 'मराठी शब्दबंध' संगणकाच्या कामासाठी निर्माण झाला. तथापि त्यात समानार्थी शब्दांच्या गटाबरोबर अर्थाची व्याख्या आणि उदाहरणाचे वाक्य देण्याची रीत आहे. मुलांच्या कोशकारांनी ती अवश्य उचलावी.

दुकानात जाताना मुलाला बरोबर न्यावे आणि तीन शब्द ठरवून न्यावेत : आग, मोठा, म्हणणे. 'मोठा' या शब्दाखाली विशाल, प्रचंड, थोर, ऐसपैस यांचे काम वेगळे केलेले दिसले पाहिजे; नाहीतर वहीत 'माझा विशाल भाऊ' अवतरावयाचा. 'म्हणणे' या शब्दावर पुटपुटणे, कुजबुजणे, खेकसणे, विनवणे ही क्रियापदे मिळाली तर कोश चांगला समजावा, कारण मुलांच्या गोष्टींत सारी पात्रे नुसती 'म्हणाला, म्हणाली' यावरच दिवस काढीत असतात. शेवटी मुलाला ते पान स्वतः वाचू द्यावे. वाचता वाचता ते पुढच्या शब्दाकडे वळले तर पुस्तक विकत घ्यावे. आडवे-तिडवे बारीक टंक पाहून त्याने मान वर केली तर दुसरे पाहावे, मग त्यावर लाख शब्दांची जाहिरात का असेना.

कोश घरी आल्यावर तो निबंध लिहिताना उघडू नये, लिहून झाल्यावर उघडावा. तोही जेथे मुलाला स्वतःलाच अडखळल्यासारखे वाटले त्याच एका-दोन शब्दांसाठी. शेवटची पाने कोरी असतील तर फारच उत्तम. विदर्भात पावसाची झड लागते, कोकणात आगोटीची तयारी होते, आणि असे पुष्कळ शब्द मुलांच्या छोट्या कोशांत येतच नाहीत. कोशात नाही म्हणून तो शब्द अशुद्ध, असे मुलाला वाटू देऊ नये. घरातल्या माणसांकडून ऐकून त्याने ते त्या कोऱ्या पानांवर अर्थासह उतरावेत. पाणी आणण्याच्या घागरीला, कळशीला, तिच्याखालच्या चुंबळीला काय काय म्हणतात, हे त्या सहावीतल्या मुलीला आजीने एका बैठकीत सांगितले असते.