हट्टी मुलीचा दाखला

(सोनई येथे किशोरवयीन मुलींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी तुमच्यातल्या एकीने विचारलं, "ताई, गोष्टीतली मुलगी गुणी असायलाच पाहिजे का?" मला त्यावरच बोलायचं आहे.

सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'द हंगर गेम्स' ही तुमच्या वयाच्या मुलामुलींसाठी लिहिलेली कादंबरी २००८ साली आली. भविष्यातला एक जुलमी देश. राजधानी मजेत, बारा जिल्हे तिच्या टाचेखाली. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाची एक मुलगी आणि एक मुलगा चिठ्ठी काढून निवडायचे आणि एकमेकांना मारायला मैदानात सोडायचे. यातली एक बारीक गोष्ट नीट ऐका. घरात खायला नसेल तर मुलीने आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकायची, बदल्यात एका माणसापुरतं वर्षाचं थोडं धान्य आणि तेल मिळतं. चिठ्ठ्या वर्षागणिक साठत जातात. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची आहे आणि तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत.

हे वाचलं आणि मला उचल आठवली. सोनईत कारखाना आहे, हंगामात टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या तुम्ही पाहता. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाचा अर्धा कोयता, त्याला उचलही कमी. मग मुलगा पुरा कोयता व्हावा म्हणून पंधरा वर्षांची सून शोधतात. मुलीकडच्यांनाही घोर असतोच, सहा महिने तिला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? आज धान्य, उद्या मुलीच्या नावाची चिठ्ठी. लेखिकेला आपला फड ठाऊक नसेल, पण हिशोब तोच आहे.

आता तिचे गुण. कॅटनिस गोड नाही. तुसडी आहे, पटकन कोणावर विश्वास टाकत नाही, हसून बोलणं तिला जमत नाही. बाप खाणीतल्या स्फोटात गेला, आई खचून गप्प बसली, तेव्हा अकरा वर्षांच्या या मुलीने शिकार करून घर चालवलं. आईला ती पुरती माफही करत नाही. मात्र धाकट्या बहिणीला ती धान्यासाठी एकही चिठ्ठी टाकू देत नाही. तरी बहिणीचंच नाव निघतं आणि ही तिच्या जागी उभी राहते. लोक या धाडसाचं कौतुक करतात. मला तिचं आधीचं, रोजचं, चिडचिडं हिशोब ठेवणं मोठं वाटतं.

आपल्याकडची यमू आठवा. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीतली. 'करमणूक' साप्ताहिक १८९० साली निघालं, त्यात ती क्रमशः येत होती. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. नवऱ्याने तिला शिकवलं. तो गेल्यावर घरच्यांनी बळजबरीने तिचं केशवपन केलं. तिच्यासाठी भविष्यातला देश कल्पावा लागला नाही, पुण्यातलं घर पुरलं. कॅटनिसला धनुष्य बापाने शिकवलं, यमूला अक्षर नवऱ्याने, आणि दोघींचे ते आधार गेले. एकीला जंगल तरी होतं, दुसरीला घराबाहेर पाऊल ठेवायला जागा नव्हती. यमू सोशिक होती म्हणून हरली, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ती सगळं बघत होती, सगळं लक्षात ठेवत होती. बाजूला उभं राहणारं कोणी नव्हतं.

आता माझी चूक सांगते. एका हंगामात तळावर चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी भेटली. विचारलं तर उत्तर देईना, उलट मलाच विचारी, "लिहून काय करणार?" मी अहवालात लिहिलं, 'मुलगी हट्टी, सहकार्य करत नाही.' समाजकार्याची पदवी घेऊन मी हे लिहिलं! तिच्या शांत, मोळ्या वाहणाऱ्या थोरल्या बहिणीला 'समजूतदार' म्हटलं. त्या समजूतदारपणाला तेव्हा आठवा महिना चालू होता.

या हट्टी मुलीला बापाने किती उचल घेतली, किती फिटली, मुकादमाने किती चढवून सांगितली, सगळं तोंडपाठ होतं. शाळेतून तिने जन्मतारखेचा दाखला मागून घेतला होता आणि तो पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. लग्न ठरलं तेव्हा तिने तो माझ्यापुढे धरला. "आता लिहा," म्हणाली. २००६च्या कायद्याने अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, हे मी तिला सांगणार होते. तिला ते माहीत होतं. १०९८ला फोन तिच्या हट्टाने लागला, मी फक्त सोबत होते.

लग्न थांबलं. उचल मात्र अंगावर राहिली. बाप तिच्याशी बोलत नाही, आई रात्री चोरून भाकरी वाढते. दिवाळीनंतर टोळी पुन्हा येईल, तेव्हा ती गावात कोणाकडे राहणार हे अजून ठरलेलं नाही. तिच्या मावशीशी बोलणं चालू आहे. मावशीच्या घरातही पाच माणसं आणि एकच खोली आहे.

उद्या शाळेत गेलात की आपापल्या दाखल्याची झेरॉक्स मागून घ्या. बाईंनी कशाला म्हणून विचारलं, तर ताईंनी सांगितलंय म्हणा.