हिंग कुठल्या डब्यात?

पुण्या-मुंबईच्या बऱ्याच कंपन्यांत मार्केटिंग विभाग म्हणजे हल्ली एक मॅनेजर, एक ट्रेनी आणि बाकी सगळे फ्रीलान्सर. मजकूर एकाचा, डिझाइन दुसरीचं, इन्स्टाग्राम तिसरा बघतो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. बिलातून टीडीएस कापला की साहेब मोकळे!

लग्नाला आचारी बोलावतो तसं आहे हे. पाचशे पानं उठवायची तर आचारी हवाच. पण रोजच्या वरणभातालाही तोच येऊ लागला, की हिंग कुठल्या डब्यात हे घरात कुणालाच सांगता येत नाही. आणि ऐन दिवाळीत त्याला आणखी चार घरची बोलावणी असतात.

मार्केटिंगमधलं हिंग कोणतं? मागच्या वर्षीची ऑफर नागपुरात चालली आणि कोल्हापुरात पडली, ती का? कोणत्या डीलरला कोणता शब्द झोंबतो? डिझाइनची ओपन फाइल कुणाकडे, फेसबुक पेजचा पासवर्ड कुणाकडे? हे ज्याला ठाऊक, तो तुमच्या हजेरीपटावरच नाही.

बरं, आचाऱ्यानं केलेली भाजी निदान तुमची असते. मजकुराचं तसं नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकराने नोकरीत लिहिलेलं एरवी मालकाचं; बाहेरच्यानं लिहिलेलं, लेखी करार नसेल तर, सहसा लिहिणाऱ्याचं. हक्क लिहून घेतले पण मुदत घातली नाही, तर पाचच वर्षं. प्रदेश घातला नाही, तर फक्त भारत. मग तीच जाहिरात दुबईला कशी नेणार?

आणि या फ्रीलान्सरांचे पैसे तरी वेळेवर द्या हो! 'बिल अकाउंट्सला पाठवलंय' हे किती महिने ऐकवायचं? फ्रीलान्सरनं उद्यम नोंदणी केली असेल, तर लघुउद्योगांसाठीचा 2006चा कायदा फार तर 45 दिवस देतो. पुढे बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. पैसे रखडवायचे आणि वर म्हणायचं, या लोकांना कंपनीबद्दल आपलेपणा नाही!

माझा राग आचाऱ्यावर नाही. हिंगाचा डबा घरच्या एका माणसाला तरी माहीत हवा. स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झालीच. त्या ट्रेनी मुलीबद्दल बोलायचं होतं. तिचं काम पाहून हा मथळा का फसला, हे सांगणारा जाणता माणूस विभागात नाही. ती शिकणार कुणाकडून, आणि उद्या मॅनेजर झाली तर… असो, ते पुढच्या खेपेला.