डोळ्यांनाही विसावा हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा घरच्याच भाषेत बोलते.

तांदूळ निवडताना मध्येच कुकरची शिटी होते, दारावर कोणी येते. मान आपोआप वर होते. मोबाईल हाती असला की ती वर होतच नाही. जवळचे पाहताना डोळ्यातला स्नायू सारखा आवळलेला राहतो व थकतो. पडद्यापुढे पापण्याही कमी मिटतात. म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

उपाय बिनखर्चाचे आहेत. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या झाडाकडे २० सेकंद पाहावे. पापण्या मुद्दाम मिटाव्यात. मोबाईल हातभर लांब धरावा, अक्षरे मोठी करून घ्यावीत, अंधारात पाहू नये. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने हा ताण कमी होत असल्याचे २०२३ सालच्या कोक्रेन या वैद्यकीय आढाव्यात दिसले नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

एक मात्र कळकळीने सांगते. आपल्यापैकी पुष्कळजणी चाळिशी ओलांडलेल्या आहेत. अक्षर दिसेनासे झाले की मोबाईलला बोल लावतात. मुलांची फी आधी, सणवार आधी. बाईचा चष्मा शेवटी! पण वयाबरोबर डोळ्यातले भिंग ताठर होते. तो काही मोबाईलचा दोष नव्हे. त्याला चाळिशीचा चष्माच हवा. डोळे तपासून घ्या, लाजू नका. घरच्यांच्या औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचायचे आपल्यालाच असते. ते चुकून कसे चालेल?

एवढे बोलून आपली रजा घेते.