सणाचे ताट बाहेरचे असले तर?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी स्वयंपाकघरातलाच विषय घेतला आहे. सणाच्या दिवशी बाहेर जेवावे का, आणि जेवायचेच तर चांगले जेवण कसे मिळवावे?

हा विषय आपण कुजबुजत बोलतो. पाडव्याला हॉटेलातून जेवून आलेली माणसे गल्लीत शिरताना जरा मान खाली घालूनच शिरतात. कोणी तरी विचारतेच, "आज चूल बंद का हो?" विचारणाऱ्या बाईने त्या घरात डोकावून पाहिलेले नसते. आपल्या सुना आता वाळूजच्या आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला जातात. काही घरांत दोनच म्हातारी माणसे उरली आहेत, मुले पुण्याला किंवा परदेशी. माझ्याच घरी सासूबाईंचे मांडीचे हाड मोडले. त्यांना उठवणे-बसवणे मीच करते. पुरण शिजत असताना त्यांनी हाक मारली, तर मी कोणाकडे पाहावे? म्हणून गेल्या पाडव्याला आम्ही बाहेरचे जेवण घेतले.

आणखी एक गोष्ट आपण कधी मोठ्याने बोलत नाही. सणाच्या दिवशी घरात सर्वांना तव्यावरची पोळी मिळते, ती लाटणाऱ्या बाईला मात्र मिळत नाही. ती चार वाजता बसते, तोवर आमटी निवलेली असते आणि भूक मेलेली असते. वर्षाचा सण तिलाही एकदा गरम मिळावा, एवढी इच्छा करणे पाप नव्हे.

बाहेरचे सणाचे अन्न म्हणजे काही तरी विपरीत, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच शहराकडे पाहावे. इथला नान-कलिया सर्वांना ठाऊक आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला असे सांगतात. जुन्या शहरातील मुसलमान घरांत लग्नकार्य असले की नान भट्टीतून येतो आणि कलिया बावर्ची मोठ्या देगेत शिजवतो. त्यामुळे घरच्या बाईची अब्रू गेली असे कोणी म्हणत नाही. उलट कोणाचा हात चांगला, कोणाची भट्टी चांगली, याचीच चौकशी होते. आपणही तशीच चौकशी करावी.

मराठी माणसालाही हे नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार बायकापोरे गावी ठेवून राहत. त्यांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकाच होत्या. सावकाराच्या व्याजात त्या बुडालेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. गिरणी कामगाराने आपला सण या बायकांच्याच हातचा खाल्ला आणि तो त्याला गोड लागला.

माझी भाची आयर्लंडात डब्लिनला असते. तिकडे १७ मार्चला संत पॅट्रिकचा मोठा सण असतो. ती सांगत होती की, तिथली जुनी रीत खारवलेले डुकराचे मांस आणि कोबी एकत्र शिजवण्याची. पण पोटासाठी जे आयरिश लोक अमेरिकेत गेले, त्यांना न्यूयॉर्कात ज्यू खाटकांकडे खारवलेले गोमांस स्वस्त मिळे. मग सणाला तेच कोबीबरोबर शिजू लागले, आणि आता अमेरिकेतील पब व हॉटेले त्या दिवशी तेच ताट वाढतात. पदार्थ आपल्याला चालणारा नसेल, पण त्यातील गोष्ट समजण्यासारखी आहे. ताट बदलले तरी त्यांनी सण सोडला नाही.

आता मुद्द्याचे बोलते. चांगले जेवण ओळखावे कसे?

गेल्या पाडव्याला आम्ही शहरातील एका मोठ्या हॉटेलात गेलो होतो. नाव सांगत नाही. सव्वा तास रांगेत उभे राहिलो. सासूबाईंना चाकाच्या खुर्चीवर बसवून नेले होते, त्या थकून गेल्या. पुरणपोळी आली ती गार आणि चामड्यासारखी. बरोबर होती साधी तुरीच्या वरणाची आमटी. तेव्हाच मला कळले की पोळ्या बाहेरून आणलेल्या आहेत. ज्या घरात पुरण शिजते तिथे हरभऱ्याच्या डाळीची येळवणी निघते, आणि ती कोणी सुगरण टाकून देत नाही, तिची कटाची आमटी होते. म्हणून आगाऊ पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा, "कटाची आमटी आहे का?" उत्तर देताना माणूस अडखळला, तर पुरण तिथले नाही असे धरून चालावे.

दुसरे असे की, टिकणारा पदार्थ आणि न टिकणारा पदार्थ यांत फरक करावा. श्रीखंड, बासुंदी आधी करून थंड ठेवता येतात, म्हणून गर्दीच्या हॉटेलातही ती बरी मिळतात. पुरी समोर तळली जाते. पुरणपोळी मात्र एकावर एक रचून झाकली की वाफेने ओलसर होते, मग चिवट. उकडीचा मोदक गार झाला की पारी कडक होते. असले पदार्थ शंभर पाने उठणाऱ्या जागी मागू नयेत. ते छोट्या खानावळीतून किंवा ऑर्डर घेणाऱ्या बाईकडूनच घ्यावेत, आणि लवकर जेवावे.

तिसरे, बिल वाचावे. ग्राहकांच्या तक्रारी पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने २०२२ सालीच सांगितले आहे की, हॉटेलाने सेवाशुल्क आपोआप बिलात लावू नये. ते देणे आपल्या मर्जीवर आहे. तसेच अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात लावलेला आहे का, ते पाहावे. आपण भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालतो आणि हॉटेलात गप्प बसतो, हे बरे नाही.

काही ताटे मात्र विकत मिळत नाहीत. लातूर, धाराशिवकडच्या भगिनी इथे आहेत. त्यांना वेळ अमावस्येची आंबील आणि भज्जी कोणते हॉटेल देणार? ती शेतात बसूनच खायची. महालक्ष्मीच्या सोळा भाज्या विकत आणता येतील, पण त्या निवडताना चार जावा एकत्र बसतात, ते बसणे आणता येत नाही. छावणीत नाताळाला शेजारच्या घरातून करंज्या येतात, ईदेला शीरखुर्मा येतो, आपण दिवाळीचे ताट पाठवतो. यातले काहीच कमी करा असे मी म्हणत नाही. जेवढे हातून प्रेमाने होईल तेवढे घरी करावे, आणि जे अंगावर येते ते न लाजता बाहेरून घ्यावे.

पण घेताना एक विचार करावा. आपल्याला सणाचा विसावा मिळावा म्हणून दुसरी एखादी बाई त्या दिवशी पहाटे तीनला उठलेली असते. तिच्या घरीही गुढी असते, तिची मुलेही वाट पाहत असतात. तिच्याशी घासाघीस करू नये.

म्हणून माझी मंडळाला सूचना आहे. छावणीत सणाच्या जेवणाची ऑर्डर घेणाऱ्या ज्या बायका आहेत, त्यांची यादी मंडळाने करावी. सणाच्या आठ दिवस आधी कोणाला किती ताटे हवीत ते लिहून घेऊन निम्मे पैसे आगाऊ द्यावेत, म्हणजे गुरुवारच्या बाजारातून त्यांना जिन्नस रोखीने घेता येतील. जेवणे दुपारी एकच्या आत घरोघरी पोहोचावीत. आणि ज्या बाईने आपल्यासाठी रांधले, तिच्या घरी त्या दिवशीचे ताट मंडळातील आपल्यापैकी एकीने स्वतः करून न्यावे. गरम न्यावे. पहिला पाडवा करण्यास मी तयार आहे, तेवढा एक तास सासूबाईंजवळ बसण्यास कोणी यावे.

सूचना पटली तर कार्यकारिणीने पुढच्या सभेत ती विचारात घ्यावी, ही विनंती.