मातृभाषेची शाळा



शाळेत मी फार शिकलेला नाही. जे शिकलो ते कामगारांच्या संघटनेत. ज्या भाषेत तक्रार मांडता येत नाही, त्या भाषेतला न्याय गरिबाच्या हाती पडत नाही, हा तिथला अनुभव. मुलांच्या शिक्षणाचेही तसेच आहे.

गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मोहगावी, ग्रामसभांनी २०१९ साली गोंडी माध्यमाची लहानशी शाळा काढली. २०२२ साली शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरविली. परवानगीचा कागद हवा, हे खरे. परंतु प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय राज्याने करावी, असे संविधानाचे ३५० अ कलम १९५६ पासून सांगत आहे. त्या कागदाचे काय? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही.

कोणी म्हणेल, गोंडीने पोट भरेल काय? मराठी आलीच पाहिजे, यात वाद नाही. पण ज्या मुलाला गुरुजींचा पहिला शब्दच कळत नाही, ते मराठी तरी कशाच्या आधारे शिकणार? ते गप्प बसते आणि आपण त्याला मंद म्हणतो.

हा प्रश्न परका नव्हे. आपल्या केळापूर, झरी-जामणीकडील पोडांवर कोलामी बोलतात. कॅलिफोर्नियातील पंडित एमेनो यांनी १९५५ साली या भाषेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपली मागणी त्याहून लहान आहे: पोडाजवळच्या शाळेतील गुरुजींना कोलामीची निदान शंभर वाक्ये यावीत. ही मागणी कोलामांनी एकट्याने करावयाची नाही. ती आपणा सर्वांची आहे.