स्पष्टवक्तेपणाची कसोटी



शाळेच्या हीरकमहोत्सवात दूरचित्रवाणीवरील वृत्तभाष्यकारांविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. परंतु ज्या शाळेने महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मुलांना मराठी बोलायला शिकवले, तिला ‘कसे बोलावे’ हा विषय परका नाही.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शनचा प्रारंभ झाला. पुढे कित्येक वर्षे वृत्तनिवेदकाच्या मुद्रेवरून त्याचे मत कळत नसे. आज रात्री आपण बातमीपेक्षा तिच्यावरील मत ऐकायला बसतो, आणि ते जितके रोखठोक तितके आवडते.

या आवडीला मी हसणार नाही. दिवसभर माणूस कचेरीत वरिष्ठांपुढे आणि बाजारात भावापुढे गप्प बसतो. रात्री कोणीतरी बड्यांना दरडावून जाब विचारतो, तेव्हा आपलीच जीभ सुटल्यासारखे वाटते. शिवाय अर्धवट कळलेल्या जगात ठाम सांगणारा माणूस आधार देतो. वाहिनीलाही हे परवडते. गावोगावी वार्ताहर धाडण्यापेक्षा चार माणसांना भांडायला बसवणे स्वस्त असते.

आता आपली वादविवाद स्पर्धा आठवा. दोन्ही पक्षांना सारखी मिनिटे मिळतात, घंटा सर्वांसाठी वाजते आणि परीक्षक बाजूला बसून ऐकतात. दूरचित्रवाणीवर मात्र पुष्कळदा परीक्षकच स्पर्धक असतो आणि घंटाही त्याच्याच हाती असते.

म्हणून भाष्यकाराने मतच मांडू नये, असे मात्र नाही. १९५४ साली अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या साम्यवादविरोधी मोहिमेचा धाक होता. ९ मार्च रोजी सीबीएसच्या ‘सी इट नाऊ’ या कार्यक्रमात एडवर्ड मरो यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. तिचा मुख्य आधार होता खुद्द मॅकार्थींच्या वक्तव्यांच्या ध्वनिचित्रफिती. मरो यांनी त्यांना उत्तरासाठी वेळही देऊ केला आणि ६ एप्रिलला मॅकार्थींचे उत्तर प्रसारित झाले. मत परखड होते, परंतु पुरावा समोर होता आणि प्रतिपक्षाला मिनिटे मिळाली होती.

आपल्याकडचे उदाहरण याहून कठीण आहे. ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केले. बालविवाह, विधवांचे केशवपन यांवर त्यांनी आपल्याच समाजाला खडे बोल सुनावले. पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. दूरच्या शत्रूवर गरजणाऱ्याला टाळ्या मिळतात. आपल्याच वाचकाला न रुचणारे सांगणाऱ्याला हे मिळते.

विद्यार्थी मित्रहो, स्पष्टवक्त्यांचे आकर्षण तुम्हाला वाटणारच, आणि वाटावे. फक्त कार्यक्रम संपल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा. पुरावा दिसला का? प्रतिपक्षाला वाक्य पुरे करता आले का? आणि आज त्याने मला, माझ्या बाजूला, एक तरी अप्रिय गोष्ट सुनावली का? वर्षभरात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकदाही ‘होय’ आले नाही, तर तो भाष्यकार निर्भीड नाही. तो आपल्याला खूश ठेवण्याची नोकरी करतो आहे, एवढे ओळखा.