नखांवरची नक्षी : फवाऱ्याची आणि हाताची

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी महिनाभरापूर्वी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी ‘नखांवरची नक्षी’ असे सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, मागच्या वर्षी तुम्ही पाणी साठवण्यावर बोललात, अन् यंदा नखं?” त्यांचे थांबणे योग्यच होते. ज्या भागात निम्म्या बायांची नखे कापूस वेचून आणि भांडी घासून झिजतात, तिथे नखांच्या शृंगारावर बोलणे कुणालाही चैनीचे वाटेल. परंतु आमच्या घरी वर्षभर या नखांवरून एक वाद चालला होता. त्या वादात एका मुलीच्या पोटाचा प्रश्न होता, आणि चूक बरीचशी माझी होती. म्हणून मी विषय बदलला नाही.

ती मुलगी म्हणजे माझी भाची. आठवीत असल्यापासून ती मेंदी काढते. पुढे नांदेडला जाऊन नेल आर्टचा वर्ग केला आणि इथे बाजारात एका खोलीचा कोपरा भाड्याने घेऊन बसली. तिचे सामान पाहाल तर हसाल. तीन-चार केसांसारखे बारीक ब्रश, गोल डोक्याच्या टाचण्या, दात कोरायच्या काड्या आणि रंगांच्या बाटल्या. टाचणीच्या डोक्याने ठिपका द्यायचा आणि ओला आहे तोच काडीने ओढला की पाकळी होते. हे तिला वर्गात शिकवावे लागले नाही. ज्या मुलीने लहानपणी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे तिला ठिपका किती ओढावा हे बोटांनाच ठाऊक असते. मेंदीचेही तसेच. आमच्या लहानपणी पाट्यावर पाला वाटून, त्यात काथ आणि लिंबू घालून, खराट्याच्या काडीने मेंदी काढीत असू, आणि बोटांची टोके व नखे तर नुसती लिंपून टाकायची. नखांची नक्षी आपल्याकडे अशी जुनीच आहे, फक्त ती एकाच रंगाची होती.

बाटलीतला रंग पुष्कळ उशिरा आला. तो १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत निघाला, आणि मोटारींना द्यायच्या चकचकीत रंगाचेच ते नाजूक भावंड. नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ तेव्हा दोन्हींत होता. आपल्याकडे १९५२ साली टाटांच्या तेल गिरण्यांच्या कंपनीने लॅक्मे सुरू केली. हे नाव लक्ष्मीचेच फ्रेंच रूप आहे. आमच्या आईच्या पिढीत मात्र नखांना रंग लावणारी बाई म्हणजे सिनेमातली, असाच समज होता.

तर या भाचीने मागच्या वर्षी भिशी लागल्याबरोबर एअरब्रशचे यंत्र विकत घेतले. फवारणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कपाशीच्या वावरातला पाठीवरचा पंप येतो, आणि तत्त्व साधारण तेच आहे. दाबलेल्या हवेबरोबर रंग बाहेर पडतो आणि त्याचा धूळीसारखा फवारा होतो. फरक इतकाच की हा पंप पेनएवढा आहे. आधी नखावर पायाचा रंग देऊन तो वाळू द्यायचा, मग फुलाची किंवा वेलीची भोके कापलेला छापा नखाला चिकटवायचा, आणि दोन-तीन इंचांवरून हळूच फवारा सोडायचा. छापा काढला की नक्षी तयार. वरून पारदर्शक थर दिला की झाले. कातडीवर उडालेला रंग धुऊन निघतो. फवारा श्वासाबरोबर आत जाऊ नये म्हणून ती नाकाला फडके बांधते आणि खिडकी उघडी ठेवते. ज्या मुली हे काम करतात त्यांच्या आयांनी एवढे तरी पाहावे.

मी ते यंत्र पाहिले आणि संतापले. “देवानं इतका चांगला हात दिला असताना हे फुसफुसं कशाला आणलंस?” असे म्हणाले. आणखीही पुष्कळ बोलले. छापा म्हणजे नक्कल, हात म्हणजे कला, वगैरे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “आत्या, तू म्हणायलीस ते खरंय. पण हाताचे पैसे कुणी देत नाही. मशीनचे देतात.”

मला वाटले, पोरगी उलट बोलायला शिकली.

पुढे मी जरा वाचले, विचारपूस केली, तेव्हा माझे पहिले म्हणणे ढासळले. फवारा परका आणि नवा, असे मी धरून चालले होते. यंत्र नवे आहे, हे खरे. १८७९ साली अमेरिकेत अ‍ॅबनर पीलर नावाच्या गृहस्थाने ते पहिल्याने बनवले आणि सुरुवातीला त्याचा मुख्य उपयोग फोटो रंगवण्याकडे झाला. परंतु छापा आणि फवारा ही जोडी माणसाइतकी जुनी आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या गुहांत हाताचे पंजे उमटलेले आहेत. भिंतीवर हात ठेवायचा, त्याच्याभोवती रंगाचा फवारा उडवायचा आणि हात काढून घ्यायचा. हात होता तेवढी जागा कोरी राहते. त्यांतला एक पंजा किमान ३९,९०० वर्षांचा आहे असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ठरले. म्हणजे माझ्या भाचीचे फुसफुसे चाळीस हजार वर्षांचे निघाले, आणि तिथे छापा म्हणून खुद्द माणसाचा हातच होता!

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? भाद्रपदात आपल्याकडे महालक्ष्म्या येतात तेव्हा दारापासून आतपर्यंत पावले काढतो ती कशी? कित्येक घरी हाताची मूठ पिठात किंवा कुंकवात बुडवून कडेने टेकवतात, म्हणजे तळवा उमटतो, आणि बोटांच्या टोकांनी वर पाच ठिपके देतात. तळवा छाप्याचा आणि बोटे हाताची! त्यात आपल्याला कधी खोट वाटली नाही. पत्र्याचे भोके पाडलेले रांगोळीचे छापे आणि फिरवायच्या नळ्या तर आपल्यापैकी किती जणींच्या कोनाड्यात असतील. मंडळाच्या रांगोळी स्पर्धेत छाप्याची रांगोळी धरावी की नाही यावर मागे जी वादावादी झाली, तीत छाप्याच्या विरुद्ध सर्वांत मोठा आवाज माझा होता, हे आपणांस आठवत असेल. माझ्याही कोनाड्यात नळी आहे.

आता या दोहोंत बायकांना अधिक काय आवडते? अमेरिकेत १९९० च्या दशकात फवाऱ्याच्या नखांची मोठी चलती होती, मग ती मागे पडून हाताच्या कामाला मान आला, आणि २०२० नंतर मधोमध गडद आणि कडेला विरत जाणाऱ्या रंगाची टूम निघाली तसा फवारा पुन्हा वर आला. तो रंग असा विरघळवणे ब्रशाला फार जड जाते. सूर्य मावळताना आभाळ दिसते ना, तसे. ती फवाऱ्याचीच मक्तेदारी. उलट फवाऱ्याचा छापा असतो सपाट आणि नख असते वाटोळे. छापा कडेला उचलला गेला की रंग खाली झिरपतो. शिवाय करंगळीच्या नखावर फूल मावत नाही, अर्धेच येते. हातवाली मुलगी करंगळीसाठी फूल लहान करते, छापा करीत नाही.

आमच्या गावाचे विचाराल तर मी भाचीची वही पाहिली. यंत्र आल्यापासून दहांतल्या सात जणी यंत्राचीच नक्षी मागतात. का, म्हणून मी तिच्या खोलीत दोन दुपारी बसून ऐकले. सुंदर दिसते म्हणून मागणाऱ्या थोड्याच. बहुतेकींचे म्हणणे एकच, “या फोटोतल्यासारखंच येईल ना?” छाप्यात काय मिळणार ते आधी ठाऊक असते. हाताच्या कामात समोरच्या मुलीवर भरवसा ठेवावा लागतो. ती जी काढील ते तिच्या हातून आजच निघणार, आणि उद्या तसेच पुन्हा निघेल याची हमी नाही. पेंटरकडून पाट्या रंगवून घेणे सोडून आपण फ्लेक्सकडे वळलो, त्यातही स्वस्ताई होती तशी ही हमीही होती. बाई पैसे मोजते तेव्हा तिला खात्री हवी असते, यात तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

पण भाचीचे ते वाक्य मला कळले ते एका लग्नघरी. कुठले ते विचारू नका, ते घर इथल्यांपैकी नाही. हळदीच्या आदल्या दिवशी अकरा मुली आणि एक नवरी, अशा बारा जणींची नखे करायची होती. मी सोबत म्हणून गेले. अकरा मुलींची नखे हिने यंत्राने चार तासांत उरकली. नवरीने मात्र वेगळेच मागितले. तिची आजी चैत्रात अंगणात चैत्रांगण काढीत असे. आता गुडघ्यांमुळे तिला बसवत नाही. नवरीला त्यातली दहा चिन्हे दहा नखांवर हवी होती. याचा छापा कुठून आणणार? भाची अडीच तास मान खाली घालून बसली. सूर्य, चंद्र, शंख, गोपद्म, तुळशीवृंदावन, पाळणा, हत्ती, नाग, कमळ आणि कासव. डाव्या करंगळीवरचे कासव थोडे उंदरासारखे झाले होते. आजीला आणून बसवले. तिने नातीचा हात डोळ्यांजवळ धरून एकेक चिन्ह ओळखले, आणि उंदरापाशी येऊन म्हणाली, “माझंपण कासव असंच व्हायचं.”

मग हिशेब झाला. नवरीच्या आईने अकरा मुलींचे पैसे घासाघीस न करता मोजून दिले. नवरीच्या नखांचे निघाले तेव्हा ती मोकळ्या मनाने म्हणाली, “तिचं तर तू हातानंच काढलंस ना? मशीन कुठं लावलीस? त्याचं काय घ्यायचं, घरच्यासारखी तर आहेस.”

त्या बाईंच्या मनात कपट नव्हते. यंत्र दिसते, त्याला वीज लागते, ते विकत आणलेले असते, म्हणून त्याचे पैसे द्यावेत हे तिला सहज पटत होते. हात काय, सोबत आलेलाच असतो. मी तिथेच बसले होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. काढणार कुठल्या तोंडाने? माझ्या मुलीच्या लग्नात याच भाचीने सात बायांच्या हातांवर मेंदी काढली, रात्रीचे दोन वाजले, तिची बोटे वळेनात. मी तिची ओटी भरली, एक ब्लाउजपीस दिले, आणि आग्रहाने जेवायला वाढले. त्या रात्री मांडववाल्याला मात्र मी ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त दिले होते, कारण पाऊस आला आणि त्याने कनात लवकर बांधली.

लग्नघरून परत येताना वाटेत ती काही बोलली नाही. घरी आल्यावर मीच वही मागितली. यंत्राचे दर नखागणिक होते ते तसेच ठेवले. हाताच्या कामाचे दर तासावर लावले, आणि मोठ्या अक्षरांत लिहून खोलीत टांगले. सगळे छान झाले असे समजू नका. पहिल्याच महिन्यात तिची दोन जुनी गिऱ्हाइके तुटली. एक तर माझी चुलत जाऊ, ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. हाताची नक्षी मागणाऱ्या पूर्वीपेक्षा कमीच झाल्या आहेत. पण ज्या येतात त्या बसतात, काय हवे ते सांगतात, आणि उठताना पैसे ठेवतात. यंत्राने खोलीचे भाडे निघते. मी त्याला आता फुसफुसे म्हणत नाही.

आता मंडळाकडे वळते, आणि खजिनदारबाईंनी रागावू नये. आज सकाळी या सभागृहाच्या दारात जी रांगोळी काढली आहे ती तीन मुलींनी पाच वाजल्यापासून बसून काढली. आपल्या हिशेबाच्या वहीत मांडवाचे पैसे आहेत, ध्वनिक्षेपकाचे आहेत, हारांचे आहेत, फराळाचेही आहेत. रांगोळीच्या नावाने रांगोळीच्या पुड्यांचे आहेत, मुलींचे नाहीत. त्यांना आपण चहा-पोहे दिले आणि शाबासकी दिली. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात रांगोळी आणि मेंदी काढणाऱ्या मुलींच्या मेहनतान्याचे एक वेगळे कलम असावे, अशी सूचना मी मांडते. अनुमोदन द्यायचे की नाही ते आपण ठरवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भाची यंत्र आणि ब्रश दोन्ही घेऊन इथे बसणार आहे. दरांचा कागदही लावणार आहे. तिच्या यादीत माझे नाव पहिले आहे, दोन्ही हातांचे, ब्रशाचे, आणि तासाच्या दराने. कासव मी मुद्दाम मागितले आहे.